नव्या तारेने बांधलेल्या जोड्या

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे वाचताना कुणी नानांवर, अमझेऱ्याच्या त्या जीपवाल्यावर किंवा देवासच्या भंगारवाल्यावर राग काढील. त्या दिवसांत मीही या तिघांवर आळीपाळीने काढला होता.

नाना म्हणजे माझे वडील. धारला आमचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे घरापुढच्या अंगणावर टाकलेले पत्रे, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि मागच्या भिंतीला लोखंडी फळ्या. पणजोबा संस्थानच्या मोटारखान्यात होते, आजोबाही तिथेच. संस्थान गेल्यावर आजोबांनी पाने-पेचकस घेऊन हे सुरू केलं. नानांना चौऱ्याहत्तरावं चालू आहे आणि हल्ली ते एकच काम घेतात, जुन्या जीपगाड्यांचं डिफरेंशियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटातलं काम. नव्या मिस्त्र्यांना त्याचा कंटाळा येतो, म्हणून आसपासच्या गावांतून जीपवाले अजून नानांकडे येतात.

त्या गोळ्यात तीन वस्तू एकमेकींशी जमाव्या लागतात. एक क्राउन, म्हणजे ताटलीएवढं दातेरी कडं. दुसरं पिनियन, म्हणजे मुठीत मावेल एवढं दातेरी डोकं असलेला दांडा. आणि तिसरी केज, म्हणजे क्राउन ज्यावर बोल्टांनी आवळतात तो पोकळ ओतीव तुकडा. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने बाहेर पडतात. दात मोजून सारखे भरले, तरी एका जोडीचा क्राउन दुसऱ्या जोडीच्या पिनियनशी नांदत नाही. गाडी चालते, पण रडत चालते. केजच्याही दोन जाती. एकीची बैठक उंच, दुसरीची बसकी. चुकीची लावली तर क्राउन पिनियनपर्यंत पोचतच नाही. हे सगळं आता मला पाठ आहे. तेव्हा नव्हतं, आणि मी देवासच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजायचे आणि जमले नाहीत तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचे, याचाच मला पगार मिळतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आमच्याकडे खंडेनवमीला तलवारी पुजत नाहीत, कारण त्या आमच्या कधी नव्हत्याच. पाने, जॅक, हातोडे आणि फळीवरचे क्राउन-पिनियन पुजतात. पूजेआधी लोखंड उजळायचं, हा घरचा शब्द. उजळलेलं लोखंड एकदा पाटावर चढलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. शेजाऱ्याची सायकल दारात पंक्चर झाली तरी आमचा पाना हलत नाही.

दरवर्षी लोखंड नाना उजळतात. यंदा आठच दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. मी रजा काढून देवासहून आलो होतो, तेव्हा ते काम अंगावर घेतलं. नाना खाटेवरून म्हणाले, "नुसतं डिझेलच्या फडक्यानं पूस."

पण मला नुसतं पुसून चैन पडेना. फळीवर पाच-सहा मोटा होत्या. नानांनी क्राउन, पिनियन आणि केज असे तीन-तीन तुकडे काळपट तारेने एकत्र आवळून ठेवले होते. तारा गंजलेल्या, लोखंडावर वर्षांचा चिकट मळ. कारखान्यात असलं काही दिसलं असतं तर मी अख्खी फळी परत पाठवली असती. मी पक्कड घेतली आणि सगळ्या तारा कापल्या. एकेक तुकडा डिझेलमध्ये भिजवला आणि पॉलिशपेपरने घासला. काही क्राउनांच्या कडेला आणि पिनियनांच्या डोक्यावर काहीतरी बारीक खरवडलेलं होतं. तेही घासून साफ केलं. मग पाटावर मांडणी केली. मागे क्राउन उभे, त्यांच्यापुढे पिनियन ओळीने, दोन्ही टोकांना केज आणि वर झेंडूच्या माळा. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बडोद्याच्या मावशीने लिहिलं, चांदीची भांडी वाटतात रे. नाना काळा चष्मा लावून आले, हात जोडले आणि म्हणाले, "झकास."

दसऱ्यानंतर देवासला परतायच्या आधी मी सगळं पुन्हा बांधलं. त्यासाठी बाजारातून नवी तार आणली होती. दात मोजले. ज्यांची संख्या जुळेल ते एकत्र ठेवले, जवळ जी केज होती ती त्यांना लावली आणि तार पिळून टाकली. तीन मोटा तर अगदी तिळ्यांसारख्या दिसत होत्या. एवढं टापटीप काम या घरात कधी झालं नसेल, असं मला मनातून वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी अवलक्षण दिसत नसतं.

नानांच्या डोळ्याची पट्टी सुटली, धुळीची मनाई संपली, थेंब तेवढे उरले आणि त्याच आठवड्यात अमझेऱ्याची जीप आली, ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून. जीपवाला माणूस उमदा, पन्नाशीचा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका-माणसांना हाटाच्या दिवशी आणतो-नेतो. म्हणाला, "नानासाब, म्हारी गाड़ी पीछे से कड़-कड़ बोली ने बैठ गी." आत क्राउनचे चार दात तुटले होते आणि त्यांच्या तुकड्यांनी केजही फाडली होती. दिवाळीचे हाट तोंडावर आले होते. नानांनी आठ दिवसांचा शब्द दिला.

हे सगळं मला फोनवर कळत होतं. पहिल्या फोनला नानांचा आवाज चांगला खणखणीत होता. फळीवरच त्याच दातांच्या तीन जोड्या आहेत, एक लावली की झालं. दुसऱ्या फोनला म्हणाले, "जोडी बोलतेय रे." म्हणजे आवाज करतेय. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवलं की दोन दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यावर यायला हवा. इथे तो कडेला पळत होता. नानांनी गोळा उघडला, आतल्या पातळ चकत्या कमी-जास्त केल्या, पुन्हा बंद केला. ठसा दुसऱ्या कडेला गेला. पुन्हा उघडला. एकेका खेपेला अर्धा दिवस जातो, आणि प्रत्येक वेळी पिनियनचं बेअरिंग ठोकून काढावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती जोडी बाजूला ठेवून दुसरी लावली. ती पहिलीपेक्षा वाईट. मग तिसरी लावली. रस्त्यावर काढली तर जीपवाला शेजारी बसल्या बसल्या म्हणाला, "नानासाब, या तो रोवे है."

मला त्या जीपवाल्याचाच राग आला. मी फोनवर नानांना म्हटलं, त्याचा गोळाच वाकलेला असणार. नाना म्हणाले, गोळा मोजलाय, सरळ आहे. केजची बैठक लपकत असेल कदाचित, म्हणजे फिरताना डुलत असेल. देवासच्या भंगारात एखादी केज मिळते का बघ.

आता मला काम मिळालं. दोन संध्याकाळी भंगारबाजार पालथा घातला आणि एक सुरेख केज शोधली. भंगारवाला म्हणाला, "भिया, आँख बंद करके ले जाओ." मी डोळे मुळीच मिटले नाहीत. कारखान्यात नेली, डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, लावून बैठक तपासली, केसभरही लपकत नव्हती. शनिवारी ती गोणपाटात गुंडाळून निघालो. इंदूरला बस बदलताना दहा-बारा किलोचं ते ओझं मांडीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून मांडीवर करत धारला पोचलो. बोल्ट बसले, बेअरिंगं बसली, सगळं बसलं. आणि क्राउन व पिनियनच्या मधून माझी करंगळी आरपार गेली. केजची बैठक बसकी होती, आम्हाला हवी होती उंच. सरळ आहे का, हे मी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं होतं. उंची कुणी मोजायची?

मी वाट पाहत होतो की नाना आता ओरडतील. लहानपणी चुकीचा पाना हातात दिला तरी त्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. चालायचंच." त्या 'चालायचंच'ने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "चालायचंच काय, नाना? दोन दिवस घातले मी यात!" त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा मनगटाने पुसला आणि मोटेतली आधीचीच केज पुन्हा लावायला घेतली. थोड्या वेळाने मला म्हणाले, डायलचा काटा तू वाच, मला नीट दिसत नाही. नानांनी दुसऱ्याला काटा वाचायला सांगितल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी चहा घेताना ते आईला म्हणाले, "तीन-तीन जोड्या एकदम खराब असू शकत नाहीत. म्हणजे मीच खराब." हे त्यांनी हिशेब सांगावा तसं सांगितलं. आई म्हणाली, काहीतरीच बोलता. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की घरात हे वाक्य आठवडाभर चाललं होतं.

रविवारी सकाळी मी खड्ड्याशी बसून तिसऱ्या जोडीचा क्राउन पुसत होतो. दोन बोल्टांच्या भोकांमध्ये, जिथे माझा पॉलिशपेपर पोचला नव्हता, तिथे एका आकड्याची शेपटी दिसली. मी सहज विचारलं, "नाना, हे काय खरवडलंय?"

"जोडीचा नंबर," ते खालूनच म्हणाले. "तोच पिनियनच्या डोक्यावर असतो. आता माझ्यानं कुठला वाचवतोय. तारेत बांधलेलंच आहे म्हणा, नंबर बघायचा कशाला?"

तार. नवी, चकचकीत, मी पिळलेली. नाना तारेवर विश्वास ठेवून तीन जोड्या लावत-काढत होते, आणि तिन्ही तारांत मी भलत्याचा क्राउन आणि भलत्याचं पिनियन बांधून ठेवलं होतं. जोडी बोलत होती कारण ती जोडीच नव्हती. नानांच्या डोळ्याचा, हाताचा, कानाचा यात काडीचा संबंध नव्हता.

त्याच क्षणी खड्ड्यात वाकून हे सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी सांगितलं नाही. आधी स्वतःला म्हटलं, जरा खात्री करू. मग म्हटलं, जेवण होऊ दे. जेवताना आईने श्रीखंड वाढलं आणि नाना दोन घास जास्त जेवले, म्हणून म्हटलं आता नको. दुपारी ते पडले होते तेव्हा मी पिनियनांची डोकी उन्हात तिरपी धरून पुसलेले आकडे वाचायचा प्रयत्न केला. वाटलं, गुपचूप बरोबर जोड्या लावून तारा बदलून टाकू. त्यांना कळणारही नाही, चौथ्या खेपेला गाडी गप्प होईल आणि सगळे खूश. एकही आकडा वाचता आला नाही. माझं घासकाम उत्तम होतं. आणि सोमवारी पहाटेची बस पकडून मी देवासला निघून गेलो.

त्या आठवड्यात मी कारखान्यात तीन लाल चिठ्ठ्या लावल्या आणि तिन्ही वेळा पार्ट बनवणाऱ्या माणसाला नको तेवढं बोललो. रोज सकाळी ठरवायचो, आज फोन करतो. रोज करायचोही. बोलायचो मात्र डोळ्यातल्या थेंबांबद्दल. नाना विचारायचे, जेवलास का. मी म्हणायचो, हो. मूग गिळून बसणं म्हणजे काय, हे मला त्या चार दिवसांत समजलं. बाहेरून ते अगदी सभ्यपणासारखं दिसतं.

गुरुवारी आईचा फोन आला. "ह्यांनी पेटी देऊन टाकली."

"कुठली पेटी?"

"कुठली म्हणजे? डायल, पुलर, त्या चकत्या, सगळं. बायपासवरच्या गॅरेजवाल्याला बोलावून सकाळी दिली. म्हणाले, आता दिसत नाही तर लोकांच्या गाड्या का बिघडवू. अमझेऱ्याच्या माणसालाही सांगितलं, गाडी दूसरे मिस्त्री को दिखा लो. उद्या तो गाडी न्यायला येतोय. तू ये बाबा. हे जेवलेले नाहीत."

बसमध्ये मी सगळं बोलणं पाठ केलं. डोळ्याची काळजी, घाई, मावशीचा मेसेज, तिळ्यांसारख्या मोटा. घरी पोचलो तर नाना ओट्यावर बसले होते, हात मांडीवर. चार वाजता त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाठ केलेलं सगळं राहिलं. मी म्हणालो, "नाना, जोड्या मी बदलल्या. नवमीला तारा कापल्या, नंबर घासले आणि नंतर कसंही बांधलं. तुमचं काही चुकलेलं नाही."

त्यांनी विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

हा प्रश्न मी पाठ केलेल्यात नव्हता. खोटं बोलावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं, आज सकाळी. "रविवारी," मी म्हणालो.

"रविवारी." त्यांनी बोटांवर मोजलं, सोम, मंगळ, बुध, गुरु. "घासलंस ते घासलंस. मीही लहानपणी वडिलांनी मोटारखान्यातून आणलेली एक नंबरांची पाटी घासली होती. पण चार दिवस मी हा डोळा चोळत बसलो होतो रे."

आई दारात उभी राहून ऐकत होती.

नाना उठले. तिन्ही क्राउन आणि तिन्ही पिनियन अंगणातल्या उन्हात सतरंजीवर मांडायला सांगितले. नंबर नव्हते, पण जोड्या जुन्या गाड्यांतून निघालेल्या होत्या आणि दातांवर वर्षांची झीज होती. नाना एकेका दातावरून अंगठा फिरवत गेले. मग तोच ऑपरेशनचा डोळा जवळ नेऊन पाहत गेले. एका पिनियनची झीज टोकाकडे होती, तशीच एका क्राउनची. एकावर बारीक खळगे होते, त्याचा जोडीदार सापडला. उरलेले दोन आपोआप एकत्र आले. सगळं मिळून अर्धा तास लागला. अर्ध्या तासाचंच काम होतं, रविवारी सकाळी उरकलं असतं.

जोडी मिळाली, पण बसवायला डायल हवा, आणि डायल बायपासवर गेलेला. मी म्हणालो, मी जाऊन पेटी परत आणतो. नाना म्हणाले, "दिलेलं परत आणत नाहीत." डोक्यावर टोपी घातली आणि चालायला लागले. मी मागे.

गॅरेजवाला भला माणूस. नानांना पाहून हात पुसत बाहेर आला. नाना त्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "भिया, वो डायल कल शाम तक के लिए दे दोगे क्या? काम होते ही लौटा दूँगा." चाळीस वर्षं वापरलेला स्वतःचा डायल ते मागून घेत होते. गॅरेजवाला ओशाळला, "अरे नानासाब, पूरी पेटी ले जाओ, आपकी ही तो है." नाना म्हणाले, "नहीं. अब तुम्हारी है." मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होतो, आणि त्या दोन पावलांत कुठे तोंड लपवावं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जोडी बसली. शेंदराचा ठसा पहिल्याच खेपेला दाताच्या मध्यावर आला. काटा नानांनी स्वतः वाचला. अमझेऱ्याचा माणूस आला, आम्ही तिघे गाडीत बसून मांडव गावच्या रस्त्याला जाऊन आलो. मागून काही आवाज नाही. जीपवाला सारखा मान मागे वळवून ऐकत होता. "नानासाब, या तो सूती पड़ी है!" म्हणजे झोपलीय. त्याने हसत हसत नानांचा हात हातात घेतला. नाना हसले नाहीत. म्हणाले, "हाथ वही है."

घरी येऊन त्यांनी डायल डिझेलच्या फडक्याने पुसला, नुसता पुसला, आणि त्याच्या डबीत ठेवला. संध्याकाळपर्यंत परत करायचा शब्द होता. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "आणा नाना, मी देऊन येतो."

"नको," ते म्हणाले. "तुला उशीर होतो."

आणि डबी खिशात घालून ते एकटेच बायपासकडे चालत गेले.